निकोबारच्या मेगापोडचे नाव आणि गाव

गेल्या काही महिन्यांत एकच संदेश मला वेगवेगळ्या गटांतून चार-पाच वेळा आला. पाठवणारे सगळे निसर्गप्रेमी, हेतू चांगला, आणि विषयही कुतूहल जागे करणारा: पालापाचोळ्याच्या ढिगात अंडी पुरून ठेवणारा निकोबारचा मेगापोड. संदेशाचा आशय थोडक्यात सांगायचा तर असा. 'अंदमान-निकोबारच्या सर्व बेटांवर वारूळ बांधून राहणारा महापाद नावाचा पक्षी आहे. आपल्या प्राचीन ग्रंथांतील महापाद हा शब्द उचलूनच इंग्रजांनी मेगापोड हे नाव केले. हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाचा असून इंग्रजांनीच तो अंड्यांसाठी निकोबारात आणून सोडला. त्याचा शोध डॉ. सालिम अलींनी लावला. शास्त्रज्ञांना त्याचे नावसुद्धा नक्की करता आलेले नाही, कारण कायद्यात एक नाव आहे आणि पुस्तकांत दुसरेच. २००४ च्या सुनामीत हा पक्षी नामशेष झाला.' सोबत लाल डोक्याच्या, काळ्या अंगाच्या एका पक्ष्याचा फोटो आहे.

यातील दोन विधाने तर एकमेकांनाच खोटे पाडतात. ज्या पक्ष्याचे नाव आपल्या प्राचीन ग्रंथांत होते, तोच पक्षी इंग्रजांनी ऑस्ट्रेलियाहून आणला, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. पण एवढे म्हणून संदेश बाजूला सारणे बरोबर नाही, कारण त्यातील प्रत्येक चुकीमागे कुठे ना कुठे खऱ्या माहितीचा एखादा धागा आहे आणि तो सोडवून दाखवण्यासारखा आहे.

सुरुवात 'वारूळ' या शब्दापासून करतो. वारूळ वाळवी उभारते. मेगापोड जे रचतो तो ढीग असतो, आणि तो त्यात राहत नाही. रात्री तो इतर कोंबडवर्गीय पक्ष्यांसारखा झाडावर बसतो. पाठमोरा उभा राहून, भक्कम पायांनी वाळू, माती, पाने आणि काटक्या मागे उडवत तो हा ढीग उभा करतो. अनेक ढिगांवर वर्षानुवर्षे भर पडत राहते, आणि जुना ढीग माणसाच्या कमरेइतका उंच व कित्येक मीटर रुंद झालेला आढळतो. आत कुजणाऱ्या पाल्यावर सूक्ष्मजीवांचे काम चालते आणि त्यातून ऊब निर्माण होते. थंडीतल्या पहाटे शेणखताच्या ढिगात फावडे घातले की जी वाफ वर येते, तिच्यामागे हेच कारण असते. उघड्या वाळूतल्या ढिगांना उन्हाचीही थोडी मदत होते. मेगापोडांच्या ढिगांत अंड्यांच्या पातळीवरचे तापमान साधारण ३३ ते ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. मादी त्यात खोल खड्डा उकरते, सुमारे १२० ग्रॅम वजनाचे, म्हणजे आपल्या नेहमीच्या कोंबडीच्या अंड्याच्या दुपटीहून जड असे लांबोडे अंडे घालते आणि ते बुजवून टाकते. अडीच महिन्यांच्या आसपास पिल्लू पायांनी कवच फोडते, पाठीवर पडून डोक्यावरची माती खरवडत वर येते आणि बाहेर पडते ते अंगावर पुरती पिसे घेऊनच. आई-बाप कोण हे त्याला कधी कळत नाही, आणि कळण्याची गरजही पडत नाही. ही गोष्ट इथे मुद्दाम विस्ताराने सांगितली, कारण पुढे या पक्ष्याच्या प्रसाराचा प्रश्न येईल तेव्हा या स्वयंपूर्ण अंड्याचा संबंध पुन्हा येणार आहे.

आता 'महापाद'. या दाव्याने अनेकांना भुरळ घातली आहे आणि का घातली हे उघड आहे. 'मेगा' आणि 'महा', 'पोड' आणि 'पाद' हे शब्द उच्चारून पाहिले तर कानाला सख्खे वाटतात. ते तसे आहेतही, पण एकाने दुसऱ्याची चोरी केली म्हणून नव्हे. ग्रीक 'मेगास' आणि संस्कृत 'महत्', ग्रीक 'पूस' (षष्ठीत 'पोदोस') आणि संस्कृत 'पाद' ही एकाच प्राचीन भाषाकुलातून आलेली भावंडे आहेत. मराठीतले 'पाय' आणि हिंदीतले 'पाँव' सारखे दिसतात म्हणून कोणी कोणाकडून चोरले असे आपण म्हणत नाही. दोन्ही संस्कृतातील 'पाद'पासून आपापल्या वाटेने आलेले आहेत. ग्रीक आणि संस्कृत यांचे नाते तसेच आहे, फक्त कितीतरी जुने आहे.

शिवाय 'मेगापोडियस' हा शब्द कोणी, कधी आणि कशावरून बनवला याची नोंद आहे. लुई द फ्रेसिने या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली 'उरानी' हे जहाज १८१७ ते १८२० या काळात जगप्रवासाला निघाले होते. त्यावर जोसेफ पॉल गेमार हे शल्यवैद्य व निसर्ग-अभ्यासक होते. त्या प्रवासात न्यू गिनीच्या पश्चिम टोकाजवळच्या बेटांवर मिळालेल्या काळपट रंगाच्या, मोठ्या पायांच्या पक्ष्यासाठी गेमार यांनी १८२३ मध्ये ग्रीकवरून 'मेगापोडियस' ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) नव्याने योजली आणि आपल्या कप्तानाच्या सन्मानार्थ जातीला 'फ्रेसिनेट' हे नाव दिले. म्हणजे नाव देणारे इंग्रज नव्हते, फ्रेंच होते. आणि ज्या पक्ष्याला ते दिले तो निकोबारचा नव्हता. संदेशात कोणत्याही प्राचीन ग्रंथाचे नाव, अध्याय वा श्लोक दिलेला नाही, त्यामुळे त्या बाजूने तपासण्यासारखे काही हाती उरत नाही. मराठीत कोणाला या पक्ष्याला 'महापाद' म्हणायचे असेल तर जरूर म्हणावे. शब्द सुटसुटीत आहे आणि अर्थही बरोबर बसतो. त्याचे वय मात्र वाढवून सांगू नये.

सालिम अलींचा मुद्दा एका वाक्यात संपतो: निकोबारच्या मेगापोडचे वैज्ञानिक वर्णन १८४६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सालिम अलींचा जन्म १८९६ चा आहे. ते वर्णन एडवर्ड ब्लाइथ यांनी केले. १८४१ पासून पुढे सुमारे दोन दशके ते कोलकात्याला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे काम पाहत होते आणि उपखंडाच्या कानाकोपऱ्यातून येणाऱ्या कातड्यांवरून त्यांनी अनेक पक्ष्यांना नावे दिली. 'शोध' हा शब्दही इथे जपून वापरावा लागतो, कारण निकोबारच्या लोकांना हा पक्षी आणि त्याची अंडी ब्लाइथ यांच्या कितीतरी पिढ्या आधीपासून ठाऊक होती. ब्लाइथ यांनी त्याला विज्ञानाच्या दफ्तरात दाखल केले, एवढेच. मुंबईचे नाव या बेटांच्या पक्षी-अभ्यासाशी जोडायचेच असेल तर त्याला खरा आधार दुसरीकडे आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायूं अब्दुलअली यांनी १९६० च्या दशकात अंदमान आणि निकोबारला जाऊन तेथील पक्ष्यांच्या तपशीलवार नोंदी केल्या आणि त्या सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या.

नावाच्या घोळाचा मुद्दा मात्र एका वाक्यात संपणारा नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संदेश म्हणतो की कायद्यात एक नाव आणि पुस्तकांत दुसरे. हे निरीक्षण खरे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात निकोबारी मेगापोडपुढे वर्षानुवर्षे 'मेगापोडियस फ्रेसिनेट' असे छापलेले होते, तर आजच्या पक्षीसूचींत 'मेगापोडियस निकोबारिएन्सिस' असते. पण यावरून 'शास्त्रज्ञांना नाव ठरवता आले नाही' असा निष्कर्ष काढणे म्हणजे एकत्र कुटुंबाच्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाचे नाव दिसले म्हणून धाकटा जन्मालाच आला नव्हता असे म्हणण्यासारखे आहे.

घडले ते असे. ब्लाइथ यांनी १८४६ मध्ये निकोबारच्या पक्ष्याला स्वतंत्र जात मानून 'निकोबारिएन्सिस', म्हणजे 'निकोबारचा', असे नाव दिले. पुढे विसाव्या शतकात, एकमेकांसारख्या दिसणाऱ्या आणि वेगवेगळ्या बेटांवर राहणाऱ्या पक्ष्यांना एकाच जातीच्या उपजाती मानण्याकडे अभ्यासकांचा कल झुकला, आणि पूर्वेकडच्या कितीतरी मेगापोडांबरोबर निकोबारचा पक्षीही एका मोठ्या जातीत घातला गेला. अशा एकत्रीकरणात नाव कोणाचे टिकायचे हे कोणाच्या लहरीवर अवलंबून नसते; ज्याचे नाव आधी प्रसिद्ध झाले त्याचे टिकते. इथे १८२३ चे 'फ्रेसिनेट' १८४६ च्या 'निकोबारिएन्सिस'च्या आधीचे होते, म्हणून सगळ्या जातीला 'मेगापोडियस फ्रेसिनेट' हे नाव मिळाले आणि निकोबारचा पक्षी 'मेगापोडियस फ्रेसिनेट निकोबारिएन्सिस' झाला. ब्लाइथ यांचे नाव पुसले गेले नाही. ते एक पायरी खाली सरकले. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्या भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांवरील हँडबुकात याच पद्धतीने नोंद आहे, आणि १९७२ च्या सुमारास भारतात पक्षी-अभ्यासाची जी भाषा होती तीच कायद्यात उतरली. पुढे पिसांचे रंग, चेहऱ्यावरील उघडी कातडी, पायांचे रंग आणि आवाज यांतील फरक पुन्हा तपासून या मोठ्या गाठोड्यातील बहुतेक पक्षी पुन्हा स्वतंत्र जाती ठरवले गेले. खरा 'फ्रेसिनेट' जवळजवळ काळा आहे आणि मोलुक्का बेटांचा उत्तर भाग व न्यू गिनीच्या पश्चिमेकडील काही बेटे हे त्याचे घर आहे. निकोबारचा पक्षी तपकिरी आहे, डोके राखाडीकडे झुकणारे आणि चेहऱ्यावरची कातडी लालसर. वाटणी झाल्यावर त्याला नवे नाव शोधावे लागले नाही, १८४६ चेच नाव आपोआप परत मिळाले.

ज्यांना हा प्रकार बाहेरून बघताना मनमानी वाटतो त्यांनी नावामागचा कंस पाहावा. वैज्ञानिक नावानंतर लेखकाचे आडनाव आणि वर्ष लिहिण्याची प्रथा आहे. आपल्या पक्ष्यापुढे 'ब्लाइथ, १८४६' असे कंसाविना लिहितात. त्याच बेटांवरच्या निकोबारी कबुतरापुढे मात्र 'लिनियस, १७५८' हे कंसात लिहितात. कारण लिनियसने त्या कबुतराला साध्या कबुतरांच्या प्रजातीत ठेवले होते आणि नंतर त्याची प्रजाती बदलली. ब्लाइथ यांनी मात्र पहिल्या दिवसापासून पक्ष्याला 'मेगापोडियस'मध्येच ठेवले होते आणि आजही तो तिथेच आहे. म्हणजे ज्या नावाला संदेश 'नक्की न झालेले' म्हणतो, त्यातील प्रजाती पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ जागची हललेली नाही. कंसाचे एवढेसे चिन्ह हा सगळा इतिहास सांगून जाते, आणि खेदाची गोष्ट अशी की मराठीत पक्ष्यांची नावे छापताना आपण ते बेधडक गाळतो किंवा सगळीकडे सारखेच लावतो.

कायद्यातील जुन्या नावामुळे संरक्षणात फट पडली असा या मुद्द्याचा एक पुढचा अवतारही ऐकायला मिळतो. परिशिष्टात वैज्ञानिक नावाच्या आधी 'निकोबार मेगापोड' असे स्पष्ट लिहिलेले होते आणि भारतात मेगापोडची दुसरी कोणतीही जात नाही. त्यामुळे कोणता पक्षी अभिप्रेत आहे याविषयी संशयाला जागा नव्हती.

यानंतर 'अंदमान-निकोबारच्या सर्व बेटांवर'. ही चूक मला समजू शकते, कारण ती मुळात जोडरेषेची चूक आहे. केंद्रशासित प्रदेशाचे नाव दोन द्वीपसमूहांना एका श्वासात बांधते आणि आपण नकाशावर त्यांच्यामधले पाणी विसरतो. अंदमानचे दक्षिण टोक आणि कार निकोबार यांच्यामध्ये सुमारे दीडशे किलोमीटर रुंदीची टेन डिग्री खाडी आहे, आणि मेगापोडचा आजचा प्रदेश तिच्या दक्षिणेला आहे. एकोणिसाव्या शतकातील काही नोंदींत अंदमानच्या उत्तरेकडील कोको बेटांचा उल्लेख येतो, पण आज अंदमानात मेगापोड नाही. निकोबारातही तो सर्वत्र नाही: उत्तरेकडच्या कार निकोबारवर आणि चौरावर तो नसतो. अंदमानला फिरायला जाऊन मेगापोड बघून येऊ, असा बेत कोणी त्या संदेशावरून आखला तर पोर्ट ब्लेअरच्या जंगलात कितीही फिरले तरी तो हाती लागणार नाही.

ज्या बेटांवर तो आहे तीही दोन गटांत विभागलेली आहेत. मधल्या गटात तिल्लांगचाँग, बोम्पोका, तेरेसा, कामोर्टा, ट्रिंकेट, नानकौरी आणि कच्छल ही बेटे येतात. त्यांच्या दक्षिणेला सोम्ब्रेरो खाडी आहे आणि तिच्यापलीकडे लिटल निकोबार, ग्रेट निकोबार आणि त्यांच्या भोवतालची कोंडुल, मेंचल यांसारखी छोटी बेटे. हॅरी ओबरहोल्सर यांनी १९१९ मध्ये या दक्षिण गटातील पक्ष्यांना वेगळी उपजात मानून 'अबॉटी' असे नाव दिले. विल्यम लुई अबॉट या अमेरिकी संग्राहकाचे ते स्मरण आहे; त्यांनी १९०१ मध्ये या बेटांवर हिंडून नमुने गोळा केले होते. दक्षिणेचा पक्षी वेगळा काढल्याबरोबर उत्तरेच्या पक्ष्याला नियमाप्रमाणे 'मेगापोडियस निकोबारिएन्सिस निकोबारिएन्सिस' असे दुहेरी नाव मिळाले. एका गटात कोणीतरी या दुहेरी नावाचा स्क्रीनशॉट 'ही बघा छपाईची चूक' म्हणून टाकला होता. ती चूक नाही. जातीची ज्या पक्ष्यावरून पहिली ओळख पटवली गेली, त्याच्याकडे असलेला तो मान आहे. पन्नास-साठ किलोमीटर समुद्राच्या दोन काठांवरचे दोन पक्षी दोन नावांनी ओळखले जातात, आणि संदेशातल्या 'सर्व बेटांवर' या शब्दांत हे सगळे बुडून जाते.

'बेटावर' म्हणजे बेटावर नेमके कुठे, हेही सांगायला हवे. भरतीची रेषा ओलांडून केवड्याच्या जातीची झुडपे मागे टाकली की उंडी आणि समुद्रफळाच्या जातीची मोठी झाडे सुरू होतात. कोकणातल्या माणसाला ही किनारपट्टी परकी वाटणार नाही, कारण उंडी आपल्या किनाऱ्यावरही आहे. तिथल्या सावलीत, पाण्यापासून थोड्याच अंतरावर, वाळू आणि पाल्याचा संगम होतो, आणि मेगापोडचे बहुतेक ढीग याच चिंचोळ्या पट्ट्यात असतात. म्हणजे नकाशावर बेट मोठे दिसले तरी पक्ष्याचे खरे घर त्या बेटाच्या किनारीएवढेच उरते.

ऑस्ट्रेलियाचा आणि इंग्रजांचा दावा आता पाहू. मेगापोड कुळात वीसहून थोड्या अधिक जाती मोजल्या जातात. त्यांपैकी ऑस्ट्रेलियात तीनच आहेत. बाकीच्या इंडोनेशियाच्या पूर्व भागातील बेटे, न्यू गिनी, फिलिपाइन्स, सॉलोमन बेटे, वानुआतू, पलाऊ आणि मारियाना बेटे यांवर विखुरलेल्या आहेत, आणि एक तर पार टोंगाच्या निउआफोऊ या एका ज्वालामुखी बेटावर आहे. युरोपीयांनी या पक्ष्यांविषयी पहिल्यांदा लिहिले तेही ऑस्ट्रेलियाहून नव्हे: मॅगेलनच्या सफरीतील पिगाफेत्ता याने १५२१ मध्ये फिलिपाइन्समध्ये वाळूत मोठी अंडी पुरणाऱ्या काळ्या पक्ष्यांची नोंद केली आहे. तेव्हा 'मेगापोड म्हणजे ऑस्ट्रेलिया' हे समीकरणच मुळात टिकत नाही.

इंग्रजांनी आणल्याचे म्हणणे तारखांवर कोसळते. निकोबार बेटांवर १७५६ पासून डेन्मार्कचा दावा होता; इंग्रजांनी ती रीतसर ताब्यात घेतली १८६९ मध्ये. ब्लाइथ यांचे वर्णन त्याच्या तेवीस वर्षे आधीचे आहे. विशेष म्हणजे त्याच १८४६ साली 'गॅलाथिआ' हे डॅनिश जहाज निकोबारात होते. ग्रेट निकोबारची गॅलाथिआ नदी आणि तिच्या मुखाजवळचा उपसागर आजही त्याचे नाव सांगतात.

मात्र या दाव्याच्या तळाशी एक खरे कोडे आहे, आणि त्याला न्याय द्यायला हवा. निकोबारच्या मेगापोडला जवळपास नातेवाईकच नाहीत. शेजारच्या सुमात्रावर, मलाया द्वीपकल्पावर किंवा जावाच्या मुख्य भूमीवर मेगापोड नाही. त्याच्या प्रजातीचे सर्वांत जवळचे पक्षी बोर्निओच्या उत्तरेकडच्या बेटांवर आणि फिलिपाइन्समध्ये आहेत, म्हणजे दीड हजार किलोमीटरहून पलीकडे. सारे कुळ पूर्वेला आणि एकटा पक्षी पश्चिमेला, असे का? एक उत्तर माणसाकडे बोट दाखवते. मेगापोडची अंडी हे आवडीचे अन्न आहे, ती वाळूत ठेवली तर बरेच दिवस टिकतात आणि पिल्लाला आईची गरज नसते. तेव्हा प्राचीन दर्यावर्दी लोकांनी होडीतून नेलेल्या अंड्यांतून एखादी वसाहत उभी राहिली असेल, असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे. या शक्यतेतील माणसे इंग्रज नव्हेत, हे लक्षात घ्यावे. दुसरे उत्तर उलट बाजूने येते: हे कुळ पूर्वी पश्चिमेकडेही पसरलेले असेल आणि आता मधला भाग रिकामा झाला असेल. नेदरलँड्सचे अभ्यासक रेने डेकर यांनी १९८९ मध्ये असे मांडले की जिथे मांजर आणि उदमांजर यांच्या कुळांतील मांसाहारी प्राणी आहेत तिथे जमिनीत अंडी पुरणाऱ्या पक्ष्याचा टिकाव लागत नाही, आणि मेगापोडांची पश्चिम सीमा त्याच प्राण्यांनी आखली आहे. सुमात्रा, जावा, मलाया हा सगळा त्या प्राण्यांचा प्रदेश आहे, निकोबार नाही. त्याआधी स्टॉर्स ऑल्सन यांनी १९८० मध्ये तितर-कोंबड्यांच्या कुळाशी होणाऱ्या स्पर्धेवर भर दिला होता.

मला स्वतःला डेकर यांचे म्हणणे अधिक पटते, पण तेही सर्व प्रश्न मिटवत नाही. सुलावेसीवर मालेओ नावाचा मेगापोड आणि त्या बेटाचे स्वतःचे उदमांजर दोघेही आहेत. निकोबार आणि सुमात्रा यांच्यामध्ये खोल समुद्र आहे, त्यामुळे हिमयुगात समुद्राची पातळी घटली तेव्हाही पक्षी चालत आला असण्याचा संभव नाही. पण मेगापोड उडू शकतात, लहान बेटांमधले पाणी ओलांडतात, आणि टोंगापर्यंत पोचलेल्या कुळाला समुद्र अगदीच अनोळखी नाही. शिवाय निकोबारच्या पक्ष्याची ठसठशीत वेगळी ओळख आणि तिच्या पोटातल्या दोन उपजाती पाहिल्या, तर हे प्रकरण दोन-चार शतकांचे नाही हे मान्य करावे लागते. 'इंग्रजांनी आणला' या दोन शब्दांनी हे एवढे सुंदर कोडे गिळून टाकले, याचे मला चुकीच्या तारखेपेक्षा अधिक वाईट वाटते.

आता सुनामी. २६ डिसेंबर २००४ च्या लाटांनी मेगापोडवर किती मोठा घाव घातला हे वर वर्णन केलेल्या किनारपट्टीवरूनच लक्षात येईल: ढीग जिथे होते, नेमके तिथेच पाणी आले. भूकंपात ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक चार मीटरहून अधिक खचले आणि इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला. अशा ठिकाणी जुना किनाराच उरला नाही. रवी शंकरन यांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात या बेटांवरच्या ढिगांची गणना केली होती. सुनामीनंतर के. शिवकुमार यांनी २००६ मध्ये पुन्हा पाहणी केली तेव्हा घट ७० टक्क्यांच्या घरात निघाली आणि प्रजनन करणाऱ्या सुमारे ८०० जोड्या उरल्याचा अंदाज पुढे आला. ही घट भयंकर आहे. पण ८०० जोड्या म्हणजे नामशेष नव्हे, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत हा पक्षी 'असुरक्षित' या वर्गात आहे, 'नामशेष' या वर्गात नाही.

हा गैरसमज कुठून आला असावा याविषयी माझा एक तर्क आहे. ग्रेट निकोबारच्या पश्चिम किनाऱ्याजवळ 'मेगापोड बेट' नावाचे एक चिमुकले बेट होते आणि ते अभयारण्य म्हणून घोषित होते. सुनामीत ते बेट बुडाले आणि तिथला मेगापोडही गेला. 'मेगापोड बेट गेले' या बातमीतला 'बेट' हा शब्द हातोहाती जाताना गळला असेल तर उरलेले वाक्य संदेशात आहे तसेच होते.

राहिला फोटो. लाल, पिसेविरहित डोके, गळ्याभोवती पिवळीजर्द लोंबती कातडी, काळे अंग आणि उभी चपटी शेपटी: हा निकोबारचा पक्षी नाहीच. निकोबारचा मेगापोड आखूड शेपटीचा, तपकिरी, गावठी कोंबडीएवढा असतो. फोटोतला पक्षी ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचा ब्रश टर्की आहे, तोच जो ब्रिस्बेन आणि सिडनीच्या उपनगरांत लोकांच्या परसबागा उकरून ढीग रचतो आणि घरमालकांच्या शिव्या खातो. कदाचित या फोटोवरूनच संदेश लिहिणाऱ्याला ऑस्ट्रेलिया सुचले असेल. त्याच्या समाधानासाठी एवढे सांगता येईल की या पक्ष्याला ओळखण्यात चुकणारा तो पहिला नाही: जॉन लॅथम या नामवंत इंग्रज पक्षीतज्ज्ञाने १८२१ मध्ये त्याचे ते बोडके डोके पाहून त्याला 'न्यू हॉलंडचे गिधाड' म्हणून नोंदवले होते. दहा वर्षांनी जॉन एडवर्ड ग्रे यांनी तो गिधाड नसल्याचे ओळखून त्याला स्वतंत्र प्रजातीत घातले आणि नाव ठेवले 'अलेक्टुरा लॅथमी'.